चंदन, सहाण आणि जॉन हेन्री

१

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आरोग्य तपासणी होती. कार्यक्रम अधिकारी म्हणून मी रजिस्टर घेऊन बसले होते. मुले झाली, गावातल्या बायका झाल्या, यंत्र रिकामे होते म्हणून नव्याने डॉक्टर झालेल्या मुलीने माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. १६०-१०२. मी म्हणाले, यंत्र बिघडले असेल. तिने दुसऱ्या दंडावर मोजले. तेवढेच आले. माझे वय छत्तीस. मग तिने विचारले, "मॅडम, टेन्शन घेता का?"

तिचा प्रश्न आपुलकीचा होता. पण मी मराठी शिकवते, त्यामुळे त्या वाक्याच्या व्याकरणात अडकले. मराठीत ताप येतो, सर्दी होते, मार बसतो. टेन्शन मात्र माणूस 'घेतो', जणू ते वाण्याच्या दुकानात मिळते आणि आपण पिशवी घेऊन ते आणायला जातो. देणारा कोण? त्या वाक्यात त्याला जागाच नाही.

मी आठ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. जूनमध्ये काम मिळणार की नाही हे जुलैत कळायचे. मार्चपर्यंत घेतलेल्या तासांचे पैसे पावसाळ्यात हातात पडायचे. केबिनच्या बाहेरच्या बाकावर किती तास बसले त्याचा हिशेब नाही. घरातली पहिली पदवीधर मी. माझ्या मागे दोन भावंडांचे शिक्षण, आईचे औषधपाणी, आणि 'यांना काय, सवलतीवर मिळते' हे स्टाफरूममधले वाक्य. त्या आठ वर्षांत मी टेन्शन घेत होते, की मला ते दिले जात होते?

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. तो मोजता येतो. लोकआरोग्याच्या क्षेत्रात आकड्यांचा अभ्यास करणारी माणसे नेमके हेच काम करतात. समाजातले स्थान, अपमान, असुरक्षितता, एकटेपण या गोष्टी माणसाच्या रक्तवाहिन्यांत, साखरेत, हृदयात कशा उतरतात, हे ते हजारो माणसांच्या नोंदींवरून शोधतात. त्यांच्यापैकी शर्मन जेम्स या कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधकाच्या एका संकल्पनेची चिकित्सा मला येथे करावयाची आहे. वाङ्मयाच्या पानांवर रक्तदाबाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, या संशोधकाने आपल्या संकल्पनेचे नाव एका लोकगीतातून घेतले. आणि त्याने मोजावयास घेतलेला गुण म्हणजे जिद्द. आपल्या साहित्याने आणि चळवळीने ज्याचा सर्वांत जास्त गौरव केला तोच हा गुण होय. त्यामुळे ही चिकित्सा अखेरीस आपल्यावरही येऊन पोहोचणार आहे.

२

जॉन हेन्री हा अमेरिकेतील काळ्या मजुरांच्या लोकगीतांचा नायक. यादवी युद्ध संपले, कायद्याने गुलामगिरी गेली आणि १८७० च्या आसपास डोंगर पोखरून रेल्वेचे बोगदे काढण्याचे काम जोरात सुरू झाले. खडकावर पोलादी पहार धरायची, तिच्यावर घण घालून भोक पाडायचे, त्यात सुरुंगाची दारू भरायची. असे घण घालणाऱ्यांत जॉन हेन्री सर्वांत बलवान. मालकाने वाफेवर चालणारे यंत्र आणले तेव्हा त्याने यंत्राशी पैज लावली. गीत सांगते की तो जिंकला, आणि हातातला घण न सोडता तिथेच मरून पडला.

शर्मन जेम्स हे उत्तर कॅरोलिना विद्यापीठात साथरोगशास्त्राचे अध्यापक होते. काळ्या लोकांत रक्तदाबाचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची गाठ एका निवृत्त काळ्या शेतकऱ्याशी पडली. हा शेतकरी १९०७ साली वाटेकऱ्याच्या अत्यंत गरीब घरात जन्मला होता. शिक्षण दुसरीपर्यंत. लिहिणेवाचणे तो स्वतःच शिकला. वाट्याने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला कर्जातून कधी डोके वर काढता येत नसे. पण या माणसाने चाळिशीपर्यंत पंचाहत्तर एकर जमीन स्वतःच्या नावावर केली आणि चाळीस वर्षांत फेडावयाचे कर्ज पाच वर्षांत फेडले. त्यासाठी त्याने रात्रंदिवस अंग मोडून काम केले. पन्नाशी उलटून साठीकडे झुकताना त्याला उच्च रक्तदाब होता, संधिवात होता आणि अल्सर इतका वाढला होता की जठराचा चाळीस टक्के भाग कापून काढावा लागला. त्याचे नाव होते जॉन हेन्री मार्टिन. ते नाव ऐकल्यावर जेम्स यांना लोकगीतातला घणकरी आठवला.

येथून त्यांनी 'जॉन हेन्रीझम' ही संकल्पना मांडली. आपण तिला 'जॉन हेन्री वृत्ती' म्हणू. साधने तुटपुंजी असताना, समोर मोठा आणि न संपणारा अडथळा असताना, तो केवळ स्वतःच्या कष्टाच्या बळावर ओलांडण्याची सतत चाललेली धडपड, असा तिचा आशय आहे. ती मोजण्यासाठी जेम्स यांनी बारा विधानांची प्रश्नावली तयार केली. हाती घेतलेले काम मी सोडत नाही, मनासारखे घडले नाही तर मी आणखी जोर लावते, कष्टानेच मी पुढे आले, अशा आशयाची विधाने असतात. माणसाने आपल्याला ती कितपत लागू पडतात ते सांगायचे.

१९८३ साली त्यांचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. दक्षिणेतील १३२ काळे कामगार पुरुष. ज्यांची ही वृत्ती तीव्र पण शिक्षण कमी, त्यांचा खालचा रक्तदाब हा वृत्ती तीव्र आणि शिक्षणही जास्त असलेल्यांपेक्षा जास्त निघाला. पुढे उत्तर कॅरोलिनातील एजकोम्ब परगण्यातला मोठा अभ्यास १९८७ साली आला. तेथे ही वृत्ती तीव्र असलेल्या काळ्या स्त्री-पुरुषांत खालच्या आर्थिक-सामाजिक थरातील लोकांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण वरच्या थरातील लोकांच्या जवळजवळ तिप्पट होते. वृत्ती मंद असलेल्यांत मात्र वरच्या-खालच्या थरांत फारसा फरक नव्हता. नंतरच्या सर्वच अभ्यासांत हे चित्र सारखे उमटले नाही; काही ठिकाणी संबंध दिसला, काही ठिकाणी दिसला नाही. हेही सांगितले पाहिजे, कारण आपल्याला सोयीचे तेवढेच आकडे उचलणे हा प्रस्थापितांचा धंदा आहे, आपला नव्हे.

या निष्कर्षाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. जेम्स असे म्हणत नाहीत की जिद्द वाईट. शिक्षण, पैसा, सुरक्षित नोकरी हाताशी असेल तर तीच जिद्द माणसाला फारशी इजा न करता वर नेते. ती हाताशी नसेल तर तिची किंमत शरीर चुकवते. शरीर धोक्याच्या वेळी हृदयाचे ठोके वाढवते, रक्तवाहिन्या आवळते. संकट टळले की पूर्वपदावर येते. पण संकट वीस वर्षे टळलेच नाही, तर ते आवळलेपणच त्या शरीराचा स्वभाव होऊन बसते. एका काळ्या माणसाने काळ्या माणसाच्या आयुष्याकडे पाहून हे शोधले, याचे मोल मोठे आहे. त्याने आपल्या माणसांना आळशी किंवा अडाणी ठरवले नाही. उलट, ती वाजवीपेक्षा जास्त झटतात म्हणून आजारी पडतात, हे आकड्यांनी दाखवले.

३

तरीही या संकल्पनेविषयी माझे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप. बाराही विधानांचा कर्ता 'मी' आहे. 'आम्ही' एकदाही नाही. माणूस एकटा लढतो असे गृहीत धरून ही पट्टी आखली आहे. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या घोषणेत शिकण्याबरोबर संघटित होणे आहे. ते त्या घोषणेत अलंकारासाठी घातलेले नाही. संघटना म्हणजे भार वाटून घेण्याची व्यवस्था. एकट्या माणसाच्या मनगटावर जे ओझे पडते ते शंभर मनगटांवर पडले तर मनगट मोडत नाही. जेम्स यांची पट्टी लावून मोर्चातल्या बाईला मोजले तर तिची जिद्द तेवढीच भरेल जेवढी घरात एकटीने झुंजणाऱ्या बाईची. पण दोघींच्या शरीरांवर होणारा परिणाम सारखा असेल का? पट्टी हा प्रश्न विचारू शकत नाही, कारण तिला 'आम्ही' दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. ज्या गीतावरून हे नाव घेतले त्या गीताच्या तळाशी काय होते? स्कॉट नेल्सन या इतिहासकाराने २००६ साली आपल्या पुस्तकात असे प्रतिपादन केले की, खरा जॉन हेन्री हा व्हर्जिनियाच्या तुरुंगातला कैदी होता. तुरुंगाच्या दफ्तरात त्याची नोंद आहे: वय एकोणीस, उंची पाच फुटांपेक्षा जेमतेम इंचभर जास्त. तुरुंगाने कैदी भाड्याने रेल्वेच्या ठेकेदाराला दिले होते. आणि नेल्सन यांच्या म्हणण्याप्रमाणे ती माणसे पैजेने नव्हे, तर बोगद्यात उडणाऱ्या दगडाच्या धुळीने फुप्फुसे भरून मेली.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. माझे वडील १९७२ च्या दुष्काळात सतरा वर्षांचे होते. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले आणि पुढची पंचवीस वर्षे दगडातच राहिले. आधी हातोडी, मग खडी क्रशर. ते खोकायचे. क्षयाची औषधे दोनदा पूर्ण झाली, खोकला राहिला. २००९ साली, चोपन्नाव्या वर्षी गेले. कागदावर लिहिले होते, हृदयक्रिया बंद पडून. हृदय प्रत्येकाचेच बंद पडते. धूळ कागदावर आली नाही. आमच्या भावकीत आजही सांगतात, "तुझा बाप लई जिद्दीचा, दगड फोडून पोरं शिकवली." गीत असेच तयार होते. पैज लक्षात राहते, धूळ विसरली जाते. जिद्द मोजणारी प्रश्नावली माझ्या वडिलांपुढे ठेवली असती तर त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले असते, आणि क्रशरवर धूळ दाबायला पाणी का मारत नव्हते हा प्रश्न कोणी विचारला नसता.

तिसरा आक्षेप बायकांविषयी. पहिला अभ्यास केवळ पुरुषांचा. नाव पुरुषाचे. पण त्याच लोकगीताच्या अनेक पाठांत पॉली अ‍ॅन नावाची स्त्री आहे. जॉन हेन्री आजारी पडला तेव्हा तिने त्याचा घण उचलला आणि पुरुषाच्या बरोबरीने चालवला. तिच्या नावाने संकल्पना निघाली नाही. माझी आई त्याच खडीवर होती. ती पाटी वाहायची, सांजेला येऊन चूल पेटवायची. तिच्या कष्टाला 'जिद्द' कोणी म्हटले नाही. त्याला 'सोसणे' म्हणतात. पुरुष झुंजतो, बाई सोसते. शब्दच वेगळे असल्यावर मोजमाप कुठून येणार?

हे आक्षेप घेताना हेही नमूद केले पाहिजे की, त्या क्षेत्रात दुसऱ्या बाजूने मोजणारेही आहेत. मायकेल मार्मट यांनी इंग्लंडच्या सरकारी नोकरांचा अभ्यास केला. १९६७ साली सुरू झालेल्या त्या पाहणीत सुमारे अठरा हजार पुरुष होते. सगळे नोकरदार, उपाशी कोणीच नाही. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांचा हृदयविकाराने मरण्याचा दर सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून जास्त निघाला, आणि धूम्रपान, रक्तदाब, चरबी या नेहमीच्या कारणांनी त्यातला काही भागच उलगडला. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत स्त्रियाही होत्या. तिच्यात दिसलेले एक कारण असे की, आपल्या कामावर आपला ताबा नसणे. काम कधी, कसे, किती करायचे हे दुसऱ्याने ठरवायचे, ही अवस्था हृदयाला धोक्याची ठरते. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या माझ्या मित्र-मैत्रिणींना हे सांगायला इंग्लंडहून कोणी येण्याची गरज नाही. पण ते आकड्यांत सिद्ध झाले आहे हे त्यांना माहीत असावे.

आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ साली आणखी एक संकल्पना मांडली. वर्णद्वेषाच्या समाजात काळ्या स्त्रीचे शरीर वयाआधी झिजते, असे त्यांचे म्हणणे. २००६ च्या त्यांच्या अभ्यासात शरीरावर साचलेला भार रक्तदाब, साखर, चरबी इत्यादी अनेक मापांनी मोजला गेला. सर्वांत जास्त भार गरीब काळ्या स्त्रियांवर निघाला. आणि दुसरा क्रमांक गरीब गोऱ्या स्त्रियांचा नव्हता, तो गरीब नसलेल्या काळ्या स्त्रियांचा होता. 'आता तुमचे काय, नोकऱ्या लागल्या, घरे झाली' असे आपल्याला ऐकवणाऱ्यांनी हा क्रम पाहावा. पैसा आला म्हणून वर्ण सुटला नाही. जात सुटते काय?

४

जेरोनिमस यांच्या इंग्रजी शब्दाला मी 'झिजणे' हा मराठी शब्द योजला, आणि येथेच आपल्या घरातली अडचण सुरू होते. मराठीत झिजणे हा सद्गुण आहे. 'चंदनासारखे झिजले' यापेक्षा मोठी स्तुती आपल्या भाषेत नाही. आपल्या चळवळीतही कार्यकर्ता गेला की शोकसभेत तीन वक्ते तरी हे वाक्य म्हणतात. मीही म्हटले आहे. आता मला त्या वाक्याची लाज वाटते. कारण चंदन आपणहून झिजत नाही. त्याला कोणीतरी सहाणेवर घासतो. गंध उगाळणाऱ्याच्या कपाळी लागते. झीज चंदनाची, शोभा दुसऱ्याची, आणि सहाण मात्र कोणाच्या लक्षातही येत नाही. हा दृष्टांत देवघरातून आला आहे. आपण तो तपासल्याशिवाय उचलला.

आपल्या आत्मकथनांनी सहाण दाखवली, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य होय. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्यात बाळंतिणीची उपासमार आहे, सुनेचे हाल आहेत, रोगाला देवाचा कोप समजून मरणारी माणसे आहेत. लोकआरोग्याचा अभ्यासक ज्याला सामाजिक कारणे म्हणतो ती तेथे घराघरांतून, नावागावासह येतात. कुमुद पावडे यांच्या १९८१ च्या 'अंतःस्फोट'मध्ये दलित मुलगी संस्कृत शिकते, उत्तम रीतीने उत्तीर्ण होते, आणि तरीही नोकरीच्या दारात तिची जात तिच्या आधी पोहोचते. शिक्षणाची साधने हाती आली तरी व्यवस्था त्या साधनांचे मोल कसे कमी करते, हे तेथे दिसते. जेम्स यांच्या सिद्धान्तात शिक्षण हे ढालीसारखे काम करते. 'अंतःस्फोट' विचारते की, ढाल धरणाऱ्या हातावरच वार झाला तर?

पण आपल्या समीक्षेने काय केले? आम्ही या पुस्तकांत वेदना पाहिली, विद्रोह पाहिला, नकार पाहिला. शरीर पाहिले नाही. वर्गात मी 'अंतःस्फोट' शिकवताना कितीदा म्हणाले, "बघा, किती जिद्द!" समोर बसलेली मुलगी पहाटे चारला उठून कांद्याच्या खुरपणीला जाऊन नऊच्या एसटीने कॉलेजला येते. तिला मी आणखी जिद्द शिकवत होते. तिला चक्कर आली तेव्हा मी म्हणाले, "नाश्ता करून येत जा." म्हणजे त्या डॉक्टर मुलीत आणि माझ्यात फरक काय?

काही जण नावे मोजतात. अण्णा भाऊ साठे १९६९ साली अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले, दया पवार १९९६ साली एकसष्टाव्या वर्षी. हे खरे आहे, आणि जिव्हारी लागणारे आहे. पण ही यादी म्हणजे पुरावा नव्हे. बाबुराव बागूल सत्त्याहत्तर वर्षे जगले. आठवतील ती नावे जोडून सिद्धान्त उभा राहत नाही. शोकाला यादी पुरते. न्यायाला मोजणी लागते. यासाठीच आकड्यांच्या अभ्यासकाची गरज आहे.

५

तर मग आपल्याकडची मोजणी काय सांगते? संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. नऊ राज्यांतील दोन कोटींहून जास्त लोकांची सरकारी सर्वेक्षणातील माहिती त्यांनी वापरली. उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे जन्मवेळचे आयुर्मान चार वर्षांहून जास्त, दलितांचे तीन वर्षांहून जास्त, आणि मुसलमानांचे सुमारे एक वर्षाने कमी आहे. या अंतराचा निम्म्याहून कमी भाग आर्थिक स्थितीने उलगडतो. म्हणजे गरिबी वजा केली तरी अंतर उरते. ते उरलेले अंतर म्हणजेच सहाण. तिच्यात वस्तीचे स्थान असेल, दवाखान्यातली वागणूक असेल, घाणीचे आणि धुळीचे काम असेल, आणि रोजचा अपमानही असेल. कशाचा वाटा किती, हे सुटे करणे हे पुढचे काम. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही. नमुना नोंदणी पद्धतीचे आयुर्मानाचे सरकारी तक्ते राज्यवार, ग्रामीण-शहरी, स्त्री-पुरुष असे मिळतात; जातवार मिळत नाहीत.

येथे कार्यकर्त्यांना एक कटू गोष्ट सांगावयाची आहे. दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा साडेचौदा वर्षे आधी मरते, असे आपण फलकांवर लिहितो. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक संस्थेच्या २०१८ च्या अहवालात १४.६ हा आकडा आहे हे खरे. पण तो आयुर्मानातला फरक नाही. मेलेल्यांच्या सरासरी वयातला फरक आहे. या दोन गोष्टी वेगळ्या. ज्या समूहात मुले आणि तरुण जास्त, त्याच्या मृतांतही कमी वयाची माणसे जास्त असणार, आणि म्हणून मृतांचे सरासरी वय खाली येणार. उद्या कोणी विद्वान उठून हा आकडा खोडील, आणि त्याबरोबर आपला खरा मुद्दाही केराच्या टोपलीत टाकील. तीन वर्षांचे अंतर हे काही लहान नाही. ते पक्के आहे. पक्का आकडा लहान असला तरी तो धरावा.

आकडा कोणाच्या हातात आहे हेही पाहावे लागते. १८९६ साली फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञाने काळ्यांच्या जास्त मृत्यूंचे आकडे मांडले आणि निष्कर्ष काढला की हा वंशच दुबळा आहे. १८९९ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी फिलाडेल्फियात घरोघर फिरून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला, १९०६ साली आरोग्यावर स्वतंत्र ग्रंथ संपादित केला, आणि दाखवून दिले की दोष रक्तात नाही. घर, पाणी, मजुरी आणि वागणूक यांत आहे. मृत्यूंचे प्रमाण जास्त हे दोघांनाही मान्य, अर्थ मात्र उलटा. याच डुबॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. ते दोघेही आकडे वाचणारे होते, आणि आपल्या माणसांविषयीचे आकडे दुसऱ्याने वाचून दाखवावेत यावर त्यांचा भरवसा नव्हता.

म्हणून माझी मागणी साहित्यिकांकडे आणि कार्यकर्त्यांकडे सारखीच आहे. आपली मुले डॉक्टर, वकील, अधिकारी व्हावीत असे आपल्याला वाटते. त्यांतली काही संख्याशास्त्राकडे, लोकआरोग्याकडे गेली पाहिजेत. आपली आत्मकथने त्यांच्या हातात दिली पाहिजेत, म्हणजे प्रश्नावलीत कोणता प्रश्न नाही हे त्यांना कळेल. मृत्यूचे सरकारी तक्ते जातवार मिळाले पाहिजेत. आणि शोकसभेत आपण झिजण्याची स्तुती थांबवून, कशाने झिजला, कोणी झिजवले, हे विचारले पाहिजे.

यंदाच्या शिबिरात मी रजिस्टरमध्ये तीन रकाने वाढवले: काम काय, ते काम उद्या असेल की नाही हे कोण ठरवते, आणि सामाजिक प्रवर्ग. तिसरा रकाना सांगायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर ठेवले. रजिस्टर लिहिणारी माझी विद्यार्थिनी तेथे थांबली. म्हणाली, "मॅडम, आपण आयुष्यभर हेच म्हणतो ना, की जात विचारू नका?" तिचे म्हणणे खोटे नव्हते. आपली जात आपल्याला खाली ढकलण्यासाठी विचारली गेली आहे. तो प्रश्न ऐकताच अंग आवळते, रक्तदाब त्या क्षणी मोजला तर तोही वाढलेला निघेल. मी तिला एवढेच म्हणाले, "आजवर त्यांनी विचारली. आता आपण विचारतोय, आणि वही आपल्याकडे राहणार आहे."

तिने थोडा वेळ विचार केला. मग पहिली ओळ स्वतःच्या नावाची लिहिली, तिन्ही रकाने भरले, आणि दंडावरची बाही वर केली. दुसरी ओळ माझी आहे.